वयनी, चूल तू वेगळी केलीस

वयनी, लोक तुझ्याबद्दल फार चांगलं बोलतायत आणि मला त्याचा संताप येतोय. कुणी म्हणतं शांत होती, कुणी म्हणतं गरीब स्वभावाची होती. शांत? तू? सकाळी नळावर तुझा आवाज सुटला की पलीकडच्या चाळीतल्या बायका आपापल्या कळश्या मागे ओढायच्या. परवा तुझं तेरावं झालं. माणसं जेवून गेली, पातेली घासून पालथी घातली, आणि मी मोरीच्या कट्ट्यावर बसून तुला शिव्या घातल्या. मनातल्या मनात नाही, चांगल्या मोठ्यानं. तुझा दीर, म्हणजे माझा नवरा, बाहेरून म्हणाला, "अगं, कुणाशी भांडतेस?" म्हटलं, "जिच्याशी रोज भांडायचे तिच्याशीच. भांडण अर्धं टाकून गेलीय ती."

दहाव्याला कावळा लगेच शिवला ना, त्याचाही मला राग आहे. आपल्या घरचे सगळे एकमेकांकडे बघून माना डोलवत होते. "कसली म्हणून इच्छा राहिली नव्हती हो तिची." इच्छा नव्हती म्हणे! गणपतीला गावी जायचं होतं तुला. कुडाळला दिलेल्या तुझ्या लेकीला सातवा लागलाय, तिचं बाळंतपण करायचं होतं. आणि माझ्याशी एक मोठं भांडण संपवायचं होतं, ते तर फक्त तुला आणि मला ठाऊक. त्या कावळ्याला काय जातंय शिवायला!

मी तुझी धाकटी जाऊ. पण गिरणीच्या संपात ह्यांचं काम गेलं आणि आम्ही लालबागची खोली सोडून मुलुंडला तुमच्याकडे आलो, तेव्हा मला सासू मिळाल्यासारखं वाटलं होतं. चेक नाक्याच्या मागच्या बाजूची ती एक खोली, वर पोटमाळा, कोपऱ्यात मोरी. त्यात तू, भावजी, आम्ही दोघं आणि आमची सुषमा. तेव्हा ती दुपट्यातून नुकती बाहेर आली होती. मी ट्रंका उंबऱ्यात ठेवल्या आणि तोंड वाईट करून उभी राहिले. तू वर बघितलंस नि म्हणालीस, "उबी रवलंस कित्या? नारळ खव." झालं. तेवढंच स्वागत.

मग वाटणावरून माझा रोज उद्धार. "ह्या मुंबयच्या चेडवांका खोबरा वाटूक येना नाय." मी म्हणायचे, "येत नाही तर वाट तू." तू म्हणायचीस, "वाटतंय तर. तू काय वाटतलंस, माझा कपाळ!" आणि मग जेवताना माझ्या ताटात बांगड्याचा मधला तुकडा. स्वतःला डोकं आणि शेपटी. मी एकदा बदलायला गेले तर पळीनं हात मारलास. आपली चूल एक होती, वयनी, आणि ती एक आहे याचा तुला केवढा तोरा! समोरच्या खोलीतल्या भावाभावांनी स्टो वेगळे केले तेव्हा घरात मयत झाल्यासारखी तू दोन दिवस हळहळत होतीस. म्हणायचीस, "मी जिती आसंय तोवर आमच्या घरात असा होवचा नाय."

खोकला आधी तुला लागला. तू आलं-मिरीचा काढा घेत राहिलीस. काही विचारलं की "माका काय धाड भरली!" मग मलाही लागला. एका सकाळी दात घासताना मोरीत रक्त दिसलं. माझ्या हातातला तांब्या सुटला आणि तो आवाज ऐकून तू धावत आलीस. पाणी ओतून ते धुऊन टाकलंस.  त्याच दिवशी आपण दोघी दवाखान्यात गेलो, फोटो काढले, बेडके दिले, आणि दोघींचंही एकच निघालं. टीबी.

घरी येताना तू पदर तोंडाला लावून चालत होतीस. मला वाटलं खोकला आलाय. तू रडत होतीस. "माज्यामुळे लागला तुका. माज्या उष्ट्या ताटात जेवलंस, माज्या बाजूक निजलंस." मी म्हटलं, "वेडी आहेस का तू? मी गिरणगावातल्या कोंदट खोलीतनं आलेय. कुणी सांगावं, मीच आणला असेन." तू ऐकायलाच तयार नव्हतीस. पुढे कितीदा भांडलो आपण त्यावर! कुणी कुणाला दिला याचा निकाल लावायला जगातला कुठला डॉक्टर बसलाय, सांग. पण तू निकाल लावून मोकळी झाली होतीस. माझा आजार हे तुझं पाप, आणि मी बरी झालेच पाहिजे. तिथून पुढचं सगळं त्यातनंच आलं.

त्या दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो दाढीवाला तरुण डॉक्टर बसायचा. चेहऱ्यानं अगदी पोरगेला, पण बोलणं सावकाश आणि स्वच्छ. त्यानं आपल्याला समजावून सांगितलं होतं. टीबीचं जुनं औषध आहे, रोजची इंजेक्शनं आणि पांढऱ्या गोळ्या, वर्ष-दीड वर्ष घ्यायचं. आणि एक नवं आहे, त्यात लाल कॅप्सूल, ते सहा महिन्यांत संपतं. दोन्हींत चांगलं कुठलं ते बघायचा त्यांचा अभ्यास चालू होता. अर्ध्या लोकांना हे, अर्ध्यांना ते. कुणाला कुठलं ते डॉक्टरनंही ठरवायचं नाही, बंद पाकीट फोडायचं, आत निघेल ते. लाल कॅप्सूल बाजारात आपल्याला परवडणारी नव्हती. बाहेरच्या रांगेत उभं राहिलं तर जुनंच औषध, आणि तेही कधी आहे, कधी संपलंय. अभ्यासात गेलं तर निदान औषध चुकणार नाही, आणि नशीब असेल तर लाल मिळेल.

पण मग त्यानं पत्ता विचारला. एकच खोली. तो म्हणाला, "एका घरातल्या दोघांना आम्ही घेत नाही, बाई. माणसं गोळ्या वाटून खातात. मग कशानं काय झालं तेच कळत नाही."

त्याचं काही चुकलं नव्हतं. आपल्यासारख्यांना ओळखूनच होता तो. एक वाटी कालवण झालं तरी चार घरी फिरतं, तिथे गोळ्यांचं काय! मी म्हटलं, "मग वयनीला घ्या, ती मोठी आहे." आणि तू माझ्या दंडाला असा चिमटा काढलास की अजून आठवतो. खुर्चीत सरळ बसलीस आणि म्हणालीस, "डॉक्टर, खोली एक आहे, पण आमच्या चुली वेगळ्या आहेत. आमचं जमत नाही."

किती शुद्ध बोललीस गं! खोटं बोलताना तुझं मालवणी कुठे जायचं कुणास ठाऊक. मी तुझ्याकडे बघतच राहिले. ज्या बाईनं वेगळ्या चुलीचं नाव निघालं तरी कानावर हात ठेवले असते, तिनं ते स्वतःच्या तोंडानं, परक्या माणसासमोर सांगितलं. डॉक्टरनं कागदावर काहीतरी लिहिलं. म्हणाला, "सिस्टर घरी येऊन बघून जाईल. चालेल ना?" तू म्हणालीस, "खुशाल येऊ दे."

त्याच दुपारी तू कोपरा वाटून घेतलास. भावजींना कंपनीच्या कँटीनमधून जुनी चादर आणायला लावलीस आणि दोरीवर टाकलीस. दुसरा स्टो मागून आणलास. माझी पातेली मला, तुझी तुला. पाटा तेवढा तू ठेवलास आणि वाटण करून आणायला मला चाळीतल्या मिक्सरवालीच्या दारात पाठवलंस. भावजी जेवायला बसले आणि चादरीच्या पलीकडे हे बसले. दोन भाऊ लहानपणापासून एका ताटात जेवलेले, ते पाठीला पाठ लावून गिळत होते.  मी हळूच म्हटलं, "वयनी, सिस्टर काय रोज येणार आहे? ती येईल त्या दिवसापुरतं करू ना." तू चादरीआडून म्हणालीस, "शेजाऱ्यांक तोंडा नाय काय? सिस्टर आपल्याक सोडून त्यांका इचारतली. खोटा बोलूचा तर नीट बोलूचा."

आणि तू ते नीट केलंस. कमाल नीट केलंस. नळावर बायका विचारायला लागल्या तेव्हा तूच सांगितलंस, "नाय पटना तिच्याशी." सगळ्या चाळीनं तुला नावं ठेवली. आजारी जावेला वेगळं काढलं, केवढी ही दुष्ट बाई! तू ऐकून घेतलंस. मला तर बायका येऊन धीर देऊन जायच्या, भाजी आणून द्यायच्या, आणि मला तोंड उघडायची सोय नव्हती. तू डोळ्यांनी दटावायचीस.

सिस्टर बघून गेली आणि आपल्या दोघींनाही घेतलं. पाकिटं फोडली तेव्हा माझ्यात लाल कॅप्सूल निघाली, तुझ्यात इंजेक्शनं. तुझा चेहरा असा फुलला की डॉक्टरलाही हसू आलं. जमत नाही म्हणणारी जाऊ जावेच्या नशिबावर एवढी खूष कशी, असं त्याला वाटलं असेल. ती कॅप्सूल घेतली की लघवी लाल व्हायची. पहिल्या दिवशी मी संडासातून किंचाळत आले, तर तू हसून हसून खोकलीस. माझं रडणंसुद्धा रंगीत झालं होतं. उशीच्या अभ्र्यावर पिवळट डाग पडले, ते धुताना तुला दिसले. अभ्रा घेऊन चादर बाजूला सारून आलीस आणि माझ्यासमोर बसलीस. "रडतंस कित्या?" मी काय सांगणार? म्हटलं, "मला तुझ्या हातचं कालवण पाहिजे." तू उठून गेलीस. कालवण आलं नाही. एक वाटीही आली नाही, वयनी. सिस्टर समोरच्याच खोलीत बसलीय अशा धाकानं तू वागायचीस.

मी एकदा कॅप्सूल गालात धरून आणली होती, तुझ्यासाठी. सिस्टरसमोर गिळायची असायची, पण मी पाणी प्याले आणि ती तशीच ठेवली. वाटलं, तुलाही पोचू दे थोडी. माझ्या ओल्या तळहातावरची ती लाल गोळी बघून तुझे डोळे बाहेर आले. "गीळ. आत्ताच्या आत्ता गीळ." मी म्हटलं, "आजची तू घे ना, एकच." तू माझा जबडा धरलास, लहान पोराचा धरतात तसा, आणि ती माझ्या घशात घातलीस. "तुजा एक चुकला तर माजा सगळा फुकट." त्यानंतर पुन्हा कधी मी तसं केलं नाही.

मग तू बोलेनाशी झालीस.

हे मला सगळ्यात जास्त छळतं. आधी मला वाटलं, सोंग चाललंय. मग वाटलं, सोंग करता करता खरंच झालं. मी चादरीआडून काही विचारावं, तुझं उत्तर नाही. "वयनी, मीठ आहे का?" गप्प. "वयनी, कुकरच्या शिट्ट्या मोजतेयस की झोपलीस?" गप्प. कुकर आपला शिट्ट्या मारतोय, मारतोय, आणि तू पाठमोरी बसून तांदूळ निवडतेस. माझा जीव जळायचा. मी ह्यांना म्हटलंसुद्धा, "तुमच्या वहिनीला वेगळं राहणं मानवलंय. मजा वाटतेय तिला." ते म्हणाले, "ती तशी नाही." मी म्हटलं, "मग कशी आहे?"

आणि एक दिवस सुषमा पोटमाळ्याच्या शिडीवरून पडली. फार उंचावरून नाही, पण कपाळ फुटलं आणि पोरीनं जो टाहो फोडला तो खालच्या गल्लीपर्यंत गेला असेल. मी मोरीत कपडे धूत होते, साबणाच्या हातांनी धावले. तू तिच्यापासून हातभर अंतरावर होतीस. सुषमा शिंकली तरी काढा उकळणारी तू. पाठ फिरवून बसली होतीस आणि सुकट निवडत होतीस. एकेक काडी बाजूला करत होतीस. पोर तुझ्या मागे रक्तबंबाळ होऊन रडतेय आणि तुझी मानही वळली नाही.

मला तेव्हा कळलं.  मी तुझ्या खांद्याला हात लावला तशी तू दचकलीस, मागे बघितलंस, पोरीला बघितलंस आणि तुझा चेहरा असा झाला की, जाऊ दे. आधी सुषमाच्या कपाळाला हळद लावली. मग मी तुझं तोंड माझ्याकडे वळवलं. "कधीपासून?" तू माझ्या ओठांकडे बघत होतीस. मग आठवलं, कितीतरी दिवस तू ओठांकडेच बघत होतीस. मला वाटायचं, नजरेला नजर द्यायची टाळतेस.

"इंजेक्शनान होता तसा," तू म्हणालीस. "आदी कानात किरकिर झाली. रातकिडे ओरडल्यासारी. मगे तीपण गेली." चालताना भिंतीला हात लावून का चालतेस तेही तेव्हा कळलं. चक्कर यायची तुला.

मी म्हटलं, चल दवाखान्यात, आत्ताच्या आत्ता. काय भांडलो गं आपण! खाणाखुणा करून, मी तुझ्या तोंडाजवळ तोंड नेऊन ओरडत, तू हातानं माझं तोंड दाबत, शेजाऱ्यांना ऐकू जाईल म्हणून. तुझं म्हणणं एकच. आता सांगितलं तर चौकशी होईल. सिस्टर घरी येऊन बसेल, खोदून खोदून विचारेल, पोरगी एवढीशी, ती सांगून टाकेल की आई आणि काकी आधी एकत्र जेवायच्या. मग कळेल की एकच घर आहे, दोघींनी फसवलं. मग दोघींचीही नावं काढतील आणि माझी लाल कॅप्सूल अर्ध्यावर बंद होईल. रेशन कार्डासारखं वाटायचं तुला ते सगळं. एकाच्या नावात खोट निघाली की अख्ख्या घराचं कार्ड रद्द.

"तुजा औषध पुरा होवंदे, मगे काय तां सांग." मी म्हटलं, "आणि तोवर तुझे कान?" तू म्हणालीस, "कान घेऊन काय करूचे आसत माका? तुजी बडबड आयकाक?" आणि हसलीस. मी हसले नाही. मग तू सुषमाच्या डोक्यावर हात ठेवायला लावलास मला. ती शपथ तू मला तिच्या फुटक्या कपाळावर घ्यायला लावलीस, वयनी. हे बरं नाही केलंस.

सिस्टर दर वेळी विचारायची. माझ्यादेखत विचारायची. तुझ्यासमोर बसून, तुझ्या तोंडाकडे बघून, चांगलं स्पष्ट, "बाई, काही त्रास? ऐकू येतं ना नीट? चक्कर?" आणि तू तिचे ओठ वाचून, आपलं ते शुद्ध मराठी लावून, "हो, येतं की. काही त्रास नाही." मी बाजूच्या बाकावर बसून नखं खायचे.

माझं औषध संपलं. बेडका साफ आला. फोटो साफ आला. डॉक्टर म्हणाला, "तुम्ही बऱ्या झालात." मी धावत घरी आले, तुझ्यासमोर बसले आणि म्हटलं, झालं माझं, आता चल. तुझा आनंद बघून मला बोलवेना. देवापुढे साखर ठेवलीस, आणि किती दिवसांनी ती चादर बाजूला करून मला तुझ्या बाजूला बसवून जेवायला घातलंस. बांगड्याचा मधला तुकडा. मी जेवता जेवता पुन्हा म्हटलं, आता शपथ सुटली. तू म्हणालीस, "पुढच्या खेपेक सांगया. आपण फसवला म्हणान डॉक्टरांका वायट वाटात. इतक्या मायेन बघतत." मी म्हटलं, त्यांना वाईट वाटू दे! तू म्हणालीस, "उगी रव. आता जेव." भांडण तिथेच राहिलं. उद्या धरून नेते तुला, असं मी ठरवून झोपले.

दुसऱ्या दिवशी मी उठायच्या आत तू बाजारात गेलीस. माझ्यासाठी ओले काजूगर मिळतात का बघायला. नाक्यावर ड्रायव्हर ट्रक मागे घेत होता. क्लीनर पोरगा मागे उभा राहून फळी बडवत होता, ओरडत होता. तो नंतर आपल्या दारात येऊन रडला गं. "बहुत आवाज दिया, मौसी ने पलट के भी नहीं देखा." भावजींनी त्याला पाणी दिलं. बायका म्हणाल्या, "जरा बघून चालायचं ना हो. कुठल्या तंद्रीत होती कोण जाणे." मी त्या सगळ्यांच्या मध्ये बसले होते आणि मला ओरडून सांगायचं होतं, तंद्रीत नव्हती, तिला ऐकूच आलं नाही.  भावजींना तरी सांगितलं होतंस का तू? नव्हतंस. चेहऱ्यावरून कळलं मला.

तेरा दिवस मी थांबले. काल सकाळी दवाखान्यात गेले. डॉक्टरला आधीच कळलं होतं तुझं. तो उठून उभा राहिला आणि म्हणाला, "तुमची जाऊ गेली, फार वाईट झालं. अपघात झाला ना?" मी म्हटलं, "अपघात झाला. पण तिला ट्रक ऐकू आला नाही. तिला कितीतरी महिने काहीच ऐकू येत नव्हतं." आणि मग सगळंच सांगून टाकलं. चूल एकच होती. आमचं छान जमायचं. तिनं माझ्यासाठी खोटं सांगितलं आणि माझ्यासाठीच कान लपवले, माझं औषध बंद होईल म्हणून.

तो खाली बसला.  मग म्हणाला, "बाई, एकदा सुरू केलेलं औषध आम्ही कुणाचंच बंद करत नाही. नियम फक्त आत घेतानाचा होता. नंतर सगळं कळलं असतं, तरी तुमची कॅप्सूल चालूच राहिली असती. आणि त्यांची इंजेक्शनं बंद करून मी त्यांना दुसरं औषध दिलं असतं. त्याच दिवशी."

वयनी, मी तिथे रडले नाही. तिथेच दाराजवळ खाली बसले. एवढं सगळं केलंस तू, चाळीच्या शिव्या खाल्ल्यास, दोन भावांना पाठीला पाठ लावून जेवायला बसवलंस, बहिरी झालीस, मेलीस, आणि कुणालाच त्याची गरज नव्हती. कुणी मागितलंच नव्हतं ते. एक प्रश्न विचारायचा होता गं फक्त, आणि तो विचारायची आपल्या दोघींची छाती झाली नाही. विचारायला गेलं तर पकडलं जाऊ, ही भीती.

सिस्टर दाराशी उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "पण डॉक्टर, मी दर वेळी विचारायचे. त्या हो म्हणायच्या." डॉक्टर म्हणाला, "समोरून विचारायचो आपण." आणि तो उठला. बाहेर बाकावर इंजेक्शनवाल्या बायका ओळीनं बसल्या होत्या, भिंतीपासून जरा पुढे. त्यानं सिस्टरला त्यांच्या मागे उभं केलं आणि एकेकीचं नाव घ्यायला सांगितलं. ओरडून नाही, घरात हाक मारतो तेवढ्या आवाजात. एकीनं मागे बघितलं. दुसरीनं बघितलं. तिसरी म्हणाली, काय झालं? चौथी, हिरव्या लुगड्यातली, तुझ्याच वयाची, ती समोर भिंतीकडे बघत बसली होती. सिस्टरनं तिचं नाव पुन्हा घेतलं. ती तशीच. बाजूचीनं कोपर मारलं तेव्हा दचकली.

डॉक्टरनं तिची इंजेक्शनं तिथल्या तिथे बंद केली. तशी ती जी चवताळली! मला काय झालंय, मला सगळं ऐकू येतं, माझं औषध का बंद करता, मी गरीब आहे म्हणून का. तिला वाटलं, तिला काढून टाकतायत. डॉक्टर मान खाली घालून लिहिता लिहिता तिला समजावत होता, आणि तिला त्यातलं अक्षर कळत नव्हतं. मी उठले. तिच्या समोर जाऊन उकिडवी बसले, तिचे दोन्ही हात धरले, आणि तोंड नीट उघडून, एकेक शब्द सुटा करून सांगितलं, "बाई, तुमचं औषध कुणी बंद करत नाहीये. दुसरं देणार आहेत."

ती माझ्या ओठांकडे बघत होती. मी पुन्हा सांगितलं. मग तिला कळलं आणि ती माझा हात घट्ट धरून रडायला लागली. मीही रडले. इतके दिवस मी तुझ्याशी मोठ्यानं ओरडून भांडत होते गं वयनी, पण औषध कुणी बंद करत नाही हे मला तरी कुठे ठाऊक होतं, नाहीतर तुलाही असंच समोर बसून सांगितलं असतं.